चहाच्या पातेल्यातला थर्मोस्टॅट

रविवार संध्याकाळ, काष्टी

उद्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला न्यायचंय आणि गाडीचा तापमानाचा काटा सारखा लालवर. पाणी तापलं की झडप उघडून इंजिन थंड ठेवणारा थर्मोस्टॅट आणि काट्याला तापमान कळवणारा सेन्सर, दोन्ही नवे आणले. बसवायला घेतले तर बायको म्हणाली, “थांबा की! तपासल्याबिगर काही बसवू नका.” विहिरीवरची मोटर खोलतानाही हिचं हेच. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून तिनं जुना-नवा दोन्ही थर्मोस्टॅट सोडले. जुन्याची झडप उघडली. नव्याची हललीसुद्धा नाही! नवा म्हणजे चांगलाच, असं मी का धरून चाललो? तिनं जुनाच परत बसवला, फक्त सेन्सर बदलला. इंजिन बराच वेळ चालू ठेवलं, पण काटा मध्यावरच; म्हणजे जुना सेन्सरच खोटं सांगत होता. मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो.

“बघताय काय? चहा ठेवा. अन् त्या पातेल्यात न्हाई, ते आता गाडीचं हाय.”