गुलाबभाई, तुझा आवाज मी काढला

प्रिय गुलाबभाई,

तिकडे तब्येत कशी आहे? पिंजणीनं धरलेला खांदा सुटला का? तुझ्या अब्बांचे गुडघे? माझी माय भेटली का, अन् अजून स्वतः उपाशी राहून दुसऱ्यालाच वाढते का? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे. मी खुशाल नाही, म्हणून तर हा कागद. लाजेनं मान वर होत नाही, गड्या.

तुझं कामच न्यारं! दिवसा लोकांचा कापूस पिंजायचास अन् ज्याच्या घरी गादी भरली, त्याचा आवाज घेऊन यायचास. पाटील, तहसीलदार, गोरा साहेब, कोणाला सोडलंस? कामरगावच्या बाजारात खुद्द पाटलांनी उपरण्यात तोंड खुपसून हसू दाबलं होतं. मी आपला मागे ढोलकीवर.

रात्री दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ संपवून घरी आलास तरी सोंग उतरायचं नाही. दाराशी तहसीलदाराच्या आवाजात ओरडायचास, "अमिना, दार खोल! सरकार आलं!"

आतून भाबी म्हणायची, "सरकारले म्हणा, पहिले लाकडं फोडून द्या!"

तू जाऊन महिना होत नाही तोच पोळा आला. तिन्हीसांजेला चौकात दंडार उभी राहिली. पोरं म्हणाली, "नारायणबुवा, गुलाबभाईची नक्कल तुमच्याबिगर कोन करन?" मी फुगलो रे! टोपी तिरपी केली, तुझ्यासारखा लंगडत चाललो अन् दणकून ओरडलो, "अमिना, दार खोल! सरकार आलं!"

टाळ्या पडल्या. अन् चौकाच्या कडेचं तुझं दार उघडलं.

नवऱ्यामागं इद्दतीत बसलेली बाई, सुतक सरेपर्यंत तिनं उंबरा ओलांडायचा नाही. भाबी अनवाणी पायरी उतरून आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "नारायणभाऊ, तुमी होय का." अन् आत गेली. सगळं हसू जागच्या जागी मेलं.

इतक्यांचे आवाज कसे काढायचे ते मला दाखवलंस, कोणता काढू नये तेवढं सांगायचं काहून राहिलं तुझं?

सकाळी माफी मागायला गेलो. पडद्याआडून भाबी म्हणाली, "रडू नका, भाऊ. त्यायच्या पहिल्या हाकेले मी कधी उठली नाही. मुद्दाम दुसरीची वाट पाहो. काल पहिलीलेच धावली."



गुलाबभाई, तो आवाज मी पुन्हा काढणार नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर दुसऱ्यालाही काढू देणार नाही.

उत्तर लवकर धाड. शिव्या असल्या तरी चालतील. पण कोणाचं सोंग घेऊन नको, तुझ्या स्वतःच्या आवाजात दे.

तुझा ढोलकीवाला,
नारायण