बोलघेवडं दुकान

१२ जून

चि. टकळीस,
अ. उ. आ.

त्या औषधांच्या दुकानाची वेबसाइट तू केलीस म्हणून तुझी आई गावभर सांगत सुटली होती. काल मी तिथे गेले आणि तोंडघशी पडले, तेही माझ्या लेकाच्या, म्हणजे तुझ्या दादाच्या देखत! दिसेनासं झाल्यापासून कॉम्प्युटरमधली बाई मला सगळं वाचून दाखवते, हे तुला ठाऊक आहेच. पण तुझ्या पानावर ती नुसतं बटण, बटण, बटण करत बसली. कसलं बटण, कशाचं बटण? एक दाबलं, तर निवडलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या गायब! मग दादाने माउस घेतला आणि चुटकीसरशी मागवल्या.

तो वाईट बोलला नाही गं. म्हणाला, साध्या गोळ्या मागवता येत नाहीत तर एकटी कशी राहणार. महिनाअखेरीला घ्यायला येतो, खोली रंगवून ठेवली आहे. त्याची माया मला कळते. पण तिथे मला पाण्याचा पेलासुद्धा मागून घ्यावा लागेल. इथे मी मालकीण आहे. मला जायचं नाही, बाई. काहीतरी कर.

लोभ आहेच, सध्या जरा रागही आहे.
तुझी मावशी

१७ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बटणं माझीच. त्यांवर टोपली काढली, कचऱ्याचा डबा काढला, आणि नावं द्यायचीच राहिली. साहेब म्हणाले, न दिसणारे ग्राहक असून असून किती असणार? मी म्हटलं, एक तर माझी मावशीच आहे. मग मी स्क्रीन बंद केला, नुसतं ऐकत खोकल्याचं औषध मागवायला बसले आणि शेवटी रडकुंडीला आले.

आता सगळ्या बटणांना नावं दिली आहेत. एकूण एक चित्राचं वर्णनही लिहिलंय, अगदी मन लावून. माझा खोकला मात्र हटत नाही. आई म्हणते, टकळीला तेवढाच आराम.

आशीर्वाद आणि धपाटे, दोन्ही पाठव.
तुझीच टकळी

२० जून

चि. टकळीस,
अ. उ. आ.

अगं, हे दुकान आहे की तुझी आई? आत पाऊल टाकलं की पांढऱ्या कोटातली हसरी डॉक्टरीण, तिच्यामागे कुंडी, कुंडीत फूल, फुलावर फुलपाखरू! गोळ्यांपाशी पोचेपर्यंत चहा गार झाला. आणि पोचले तर दुकानच बंद! बराच वेळ हालचाल नाही म्हणून पान आपोआप मिटलं म्हणे. हालचाल कुठून असणार? मी फुलपाखरू ऐकत होते.

बटणांना नावं मात्र छान दिलीस हं. आता शोभेच्या चित्रांबद्दल त्या बाईला गप्प बसव. औषधाचं नाव, किंमत, घ्यायचं की नाही, एवढं पुरे. आणि पान मिटण्याआधी, अजून वेळ हवा का, एवढं विचारत जा. रविवारी दादा येतोय, सामानाला खोकी घेऊन. मला धाकधूक आहे. हे फक्त तुला सांगते.

वाफ घे. माया आहे, ती मापून देत नाही.
तुझी मावशी

३० जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं फुलपाखराला गप्प बसवलं आणि पान मिटण्याआधी विचारायलाही लावलं, ते कामी आलं म्हणायचं. दादाचा काल फोन आला होता. म्हणाला, तो खिशात हात घालून तुझ्या शेजारी बसला होता. दोनदा त्याचा हात माउसकडे गेला, दोन्ही वेळा तू चापट मारलीस. आधी तुझ्या गोळ्या मागवल्यास, मग आणखी काहीतरी. कुणासाठी, असं त्याने विचारलं तर म्हणालीस, तुला काय करायच्यात नसत्या चौकशा! रिकामी खोकी घेऊन तो परत गेला. ती खोली आता तू चार दिवस राहायला जाशील तेव्हासाठी. आवाज जरा घोगरा होता, पण हसत होता गं.

आणि आज ऑफिसात माझ्या नावाचं पार्सल आलं. मी तर काही मागवलं नव्हतं. उघडलं, तर खोकल्याच्या गोळ्या, आमच्याच त्या दुकानातून. पाठवणारीच्या जागी तुझं नाव. सगळ्यांसमोर मला हुंदका आला. साहेबांना वाटलं, मी नोकरी सोडतेय.

मावशी, गेली कित्येक वर्षं तुला काय हवं-नको ते आम्हीच आणून देत होतो. तूही कुणाला काही पाठवायचीस, हे आम्ही साफ विसरून गेलो होतो. एक गोळी तोंडात ठेवूनच हे लिहितेय.

लोभ असाच घरपोच येत राहो.
तुझीच टकळी