मायच्या दाराचा कोयंडा

प्रिय सारजाआक्का,

सांडू फर्दापूरला गावाकडं निघालाय, त्याच्या हाती ही पुडी धाडतोय. जाता जाता तो पुंडलिकनगरात उतरून तुझ्या हातात देईल. त्याला च्या पाज, पण लई वेळ बसवून घेऊ नको; बसला की बेंगळुरातल्या माझ्या सगळ्या चहाड्या सांगूनच उठतो. मायच्या दाराचा कोयंडा पुन्हा उपसला तर ती कुठं निघून जाईल, ह्या घोरात मला जेवण जात नाय. फोनवर तू रडाया लागतीस आन मला सुचत नाय, म्हणून लिहितोय. अक्षर वाकडं हाय, पण ते तूच शिकवलंयस, तवा मला बोल लावायचा नाय.

पुडीत ज्या लोखंडी काड्या हायेत ती भोक पाडायच्या मशीनची बिटं. घरमालक नानासाहेबांच्या मशीनला होतं ते लाकडात चालणारं. त्याला मधोमध सुईसारखं टोक असतं. ते तू कोयंड्यासाठी विटेत घातलंस, म्हणून धूर निघाला आन बिट निळं पडलं, भिंत तशीच. तुझ्या हाताची काय चूक नाय. मी धाडलेल्याचं टोक बघ, पटाशीसारखं बसकं, अंगापरीस जरा रुंद, आन दुसऱ्याच कडक धातूचा तुकडा जोडलेला. हे विटेचं. ते वीट खरडून तिचं पीठ करतं.

नानासाहेब बोलले, "बाई, भिंत माझी हाय, तिची चाळणी करू नका," ते काय खोटं नाय. तवा अगोदर खिळ्यानं गिलावा खरवडून बघ, वीट कुठं आन सांधा कुठं. भोक विटेच्या पोटात पाड. काठावर पाडलंस तर काठ फुटतो. पीठ लाल आलं तर वीट. करडं, वाळूचं आलं तर सांधा लागला, जागा बदल. मशीनचं ठोक्याचं बटन बंद ठेव. आपल्याकडच्या भट्टीच्या विटा निम्म्या कच्च्या, ठोके बसले की भोकाचा खड्डा होतो आन गिट्टी आत नुसती फिरती. गिट्टी म्हंजी ती पिलास्टिकची नळी, भोकात बसून स्क्रूला धरून ठेवती ती. तिच्या लांबीवर बिटाला चिकटपट्टी गुंडाळ, तिथवर गेलं की थांब. अगोदर बारकं बिट, मग थोरलं, आन मधी मधी बाहेर ओढ, नायतर पीठ दाटून बिट तापतं. भोकात फुंकताना डोळे मीट. मी इथं कामाच्या पयल्या दिवशी मिटले नव्हते, दिवसभर डोळे पुसत फिरलो, तर मिस्त्री सगळ्यांना सांगतोय, "हे पोरगं घराच्या आठवणीनं रडतंय." मी नाय म्हणलो. पण तेबी होतंच.

इथं मी एसी बसवणाऱ्यांकडं हाय. रोज कुणाच्या तरी भिंतीला भोक. हेबी काम सोडावं असं मनात येतंय, दे शिव्या. माय म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी हाय. म्हणायची कोण, तर जिनं सारा जन्म चालत काढला! मेंढरं पुढं, घोड्यावर संसार, त्यावर कोकरांसंग मला बांधलेलं, आन तू तिचा पदर धरून. मुक्कामाला मेंढराभोवती जाळं ताणायचं, ते वाघूर तिनं स्वतः लावल्याशिवाय तिला झोप यायची नाय. बाप चिडवायचा, "बानाबाई, मी लावलं तर लांडगा हसंल का?" ती म्हणायची, "हसंल, आन आतबी येईल."

बाप गेला, मेंढरं इकली, आन तू तिला आपल्या खोलीवर आणलीस. मला वाटलं, सुटली बिचारी उन्हातानातून. आन आता ती उठल्या उठल्या म्हणती, "कळप म्होरं गेला, मी मागं ऱ्हायले." तू कामावर जाताना बाहेरून कडी घातलीस, तर तिनं आतून ओढून ओढून वाळवी लागलेल्या चौकटीतला कोयंडाच उपसला. सापडली कुठं, तर शहागंजात, मेंढरं भरलेल्या टेम्पोमागं, अनवाणी, बोटं सोललेली, ड्रायव्हरला शिव्या देत. शेजारच्या साळूबाईंच्या पोरानं ओळखलं म्हणून घरी तरी आली. तिच्यात एवढं बळ कुठनं आलं, असं तू इचारलंस. मला तर तेच हात डोळ्यापुढनं हालत नायत. पुढच्या बारीला जालना रोडवर एखादा ट्रक थांबायचा नाय, आक्का.

तवा कोयंडा चौकटीत नको, शेजारच्या विटेतच बसव. साखळीची कडी धाडलीय, ती तिथवर पुरती. कुलूप मात्र घालू नको. आग लागली, काय झालं, तर साळूबाईंना बाहेरून उघडता आलं पायजे. स्क्रू आवळल्यावर दोन्ही हातांनी, सगळ्या अंगानं ओढून बघ. हललं तर दुसरी वीट धर.

दर फोनला तू एकच इचारतीस, "मुंजा, आपल्या मायला कोंडू का रे?" आन दर फोनला मी बिटाचा नंबर सांगत बसतो. आज सांगतो. कोंड. गावाकडनं मल्हारकाका येतील, चार माणसांत म्हणतील, लेकीनं मायला जनावरासारखं कोंडलं. तू एक शब्द बोलू नको, हे पत्र त्यांच्या हातात दे. फोनवरचं कोण मानणार, म्हणून कागदावर लिहितोय. कोंडा असं तिच्या पोरानं सांगितलंय, खाली त्याचं नाव हाय. आन माय आतून दार बडवंल, कुणी कोंडलं म्हणून शिव्याशाप देईल, तवा तिलाबी माझंच नाव सांग. मला ते लागायचं नाय असं नाय. पण तिला जेवू तू घालतीस. तुझ्या हातचा घास तिनं थुंकू नये.

तुझाच,
मुंजाबा