स्टिलची पाच वाक्यं

३ फेब्रुवारी, सोमवार

नववीला या आठवड्याचा शब्द दिला — स्टिल. म्हणजे अजून, अजूनही. एवढासा शब्द, पण पोरं त्याचे हाल हाल करतात! एक जण म्हणाला, ‘आय स्टिल जेवण.’ दुसरा म्हणाला, ‘माय बफेलो इज स्टिल.’ पुढे काय? तर पुढे काही नाही. म्हैस अजून. बसा!

नियम पुन्हा सांगितला. पाच वाक्यं. गाईडमधली नकोत, घरातली हवीत, खरी. पाचही बरोबर आली तर मी फळ्यावर लिहिणार आणि अख्ख्या वर्गानं ती उतरवून घ्यायची. चार बरोबर असली तर नाही. जूनपासून हा मान फक्त दोनदा गेला, दोन्ही वेळा चंदनला. बाकीच्यांना त्याचं ना सोयर ना सुतक.

बोदवडला परतीची गाडी पन्नास मिनिटं लेट. पिंप्राळ्यात घरी येऊन कुकर लावला तेव्हा आठ वाजले होते. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, पण लावते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज आश्चर्य! मधल्या सुट्टीत भूमिका स्टाफरूमच्या दारात. वर्षभर मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी पोरगी, पाचपैकी दोन बरोबर आली तर नशीब. वही घेऊन आली. “मॅडम, स्टिल कुठी टाकायचं? इजच्या आधी का नंतर?” नंतर, म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा हजर. मग खेळाच्या तासाला पुन्हा! प्रत्येक वेळी तिचा चुलतभाऊ पियुष चार पावलांवर उभा. तोही नववीतच आहे, पण त्याला इंग्रजीची ॲलर्जी.

पोरगी सुधारतेय. तीस वर्षांनी का होईना, कुणाला तरी हौस आली.

५ फेब्रुवारी, बुधवार

भूमिका पुन्हा. “मॅडम, पुढे होनार आहे त्याचं सांगायचं असंल तर स्टिल चालतं का?” चालतं की! विल स्टिल बी. तिनं ते तळहातावर लिहून घेतलं. वर दोनदा गिरवलं. मी म्हटलं, अगं, परीक्षा थोडीच आहे! हसली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पाचपैकी पाच! भूमिकाची! माझा विश्वास बसेना, दोनदा तपासली. एकही चूक नाही, स्पेलिंगसुद्धा शुद्ध. लाल शाईनं ‘व्हेरी गुड’ लिहिलं, सही केली, तारीख टाकली. आणि शब्द दिल्याप्रमाणे फळ्यावर लिहिली, मोठ्या अक्षरात —

माय सिस्टर इज स्टिल इन द कॉटन रूम.
शी इज स्टिल वेटिंग.
द बॅक विंडो इज स्टिल ब्रोकन.
ग्रँडमदर स्टिल सिट्स ॲट द फ्रंट डोअर.
एव्हरीबडी विल स्टिल बी ॲट द हळदी ऑन फ्रायडे ॲट एट.

पाहा, म्हटलं, ही खरी घरातली वाक्यं! भाव नाही म्हणून सगळ्यांच्याच घरात कापूस भरलेला आहे, पण कुणाला सुचला का तो? हिची बहीण कापसाच्या खोलीत काम करतेय, आजी दारात बसलीय, उद्या गावात कुणाची तरी हळद आहे. आणि फ्युचर टेन्स तर बघा! पोरांनी टाळ्या वाजवल्या. पियुष जांभया देत होता. चंदननं नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी उतरवून घेतलं. भूमिका मात्र फळ्याकडे पाहतच नव्हती. लाजली असेल.

आज फार बरं वाटलं. शाळेतून निघताना गुणगुणत होते म्हणे, शिपाई सांगत होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

पालक सभा. दरवेळसारख्या चांगल्या वह्या टेबलावर मांडल्या. भूमिकाची सगळ्यांत वर, तेच पान उघडून. कधी नव्हे ते तिचे वडील आले, सुकदेव आबा. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, झोप नसल्यासारखे. मी आपणहून हाक मारली. “आबा, या, लेकीचं कौतुक बघा!”

त्यांनी वही उचलली. दहावी झालेले आहेत, इंग्रजी वाचता येतं. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, “हे हिनं लिहेल आहे? सोता?”

स्वतः! म्हटलं. फळ्यावरसुद्धा लिहून दिलं मी, गुरुवारी. अख्ख्या वर्गानं उतरवून घेतलं!

“अख्ख्या वर्गानं,” ते म्हणाले. वही मिटली. “घरी न्हेतो मी ही.” मला वाटलं, बाप हरखला, घरी दाखवणार.

१० फेब्रुवारी, सोमवार

भूमिका गैरहजर. चंदनही. थंडी-तापाची साथ आहे. पियुष आला, पण मागच्या बाकावर बसून राहिला. विचारलं तर म्हणाला, “मले काय माहीत?” उद्धट.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जमेल तसं लिहिते.

खिचडी शिजवणाऱ्या भिकुबाईला सहज विचारलं, भूमिका का येत नाही गं? तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, दाराकडे बघितलं, मग हळूच बोलली. “मॅडम, तुम्हाले खरंच माहीत नही? तिची मोठी बहीन, मोहिनी. चंदनच्या भावासंगं, समाधानसंगं सुरतले पळून गेलती. दिवाळीनंतर धरून आनली. तवापासून कापसाच्या खोलीत कोंडेल आहे. गावाले सांगता, धुळ्याले मामाकडे आहे म्हने. मामाकडे कशाची! कापसाची खाज सुटते तिले, सारं आंग खाजवते. लहानीलेबी मोबाईलले हात लावू देत नही. शाळेतबी पियुष संगं.”

अजून कापसाच्या खोलीत आहे. अजून वाट पाहतेय.

मी त्याला लाल टिक केली! एका वीस वर्षांच्या मुलीला तीन महिने कोंडून ठेवलंय, तिची बहीण मला लिहून सांगतेय, आणि मी काय पाहिलं? इजच्या नंतर स्टिल आलंय की नाही! सगळा जन्म हेच केलं. पोरांनी काय लिहिलं ते वाचलंच नाही, बरोबर लिहिलं का तेवढं पाहिलं. घरातली लिहा, खरी लिहा, असं घसा फोडून सांगायचं, आणि खरी आली की मार्क द्यायचे. पोरीनं विश्वासानं सांगितलं ते मी वर्गात वाचून दाखवलं. आणि वर बापाच्याच हातात दिलं. कौतुक बघा म्हणाले!

माझी मलाच किळस येतेय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी आधी केबिनचं दार लावलं. “मॅडम, मोहिनी आपली विद्यार्थिनी आहे का? नाही ना. मग? त्यांच्या घरचा मामला आहे. सुकदेव आबा संस्थेच्या अध्यक्षांचे साडू लागतात. तुमची पाच वर्षं राहिलीत, सुखानं रिटायर व्हा.”

सर, एक मुलगी कोंडलेली आहे, म्हटलं.

“तुम्ही पाहिली का?”

नाही पाहिली. वाचली फक्त.

त्यावर ते फायलीत तोंड घालून बसले. मी आले निघून. दारही आवाज न करता लावलं. वर्गात आवाज केवढा चढतो माझा!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. भिकुबाई कोपऱ्यापर्यंत आली, पुढे नाही. जाताना चंदनचं घर दाखवलं. दाराला कुलूप. “शनिवारपासून कोनी नही. रातोरात गेले का काय झालं, देव जाने.”

सुकदेव आबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. आजी दारातच बसलेली. भूमिका कुठाय? “पडली ओट्यावरून. हात मोडला. झोपेल आहे आत.” आणि मोहिनी? “ती धुळ्याले. मामाकडे.” हे सांगताना माझ्या डोळ्यांत बघत होते. एकदाही पापणी लवली नाही.

ओट्याच्या टोकाला एक खोली, दाराला मोठं कुलूप. मी उठले आणि त्या दाराशी जाऊन हाक मारली. मोहिनी! दोनदा मारली. आतून काही नाही. हूं नाही की चूं नाही.

“कापूस आहे मॅडम त्यात,” आबा मागून म्हणाले. “कापूस बोलंल का?”

चहा तसाच ठेवून आले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, भूमिकाला एकदा पाहू द्या असं म्हणायलाही मी घाबरले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

११२ लावला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, खोली कुठल्या बाजूला तेही. स्वतःचं नाव विचारल्यावर क्षणभर थांबले. मग तेही सांगितलं. होऊ दे काय व्हायचं ते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पोलीस आले. मला बोलावलं होतं, मीही होते. कुलूप काढलं.

कापूस. छातीपर्यंत कापूस, नुसता कापूस. एका कोपऱ्यात तो दबून खळगा पडलेला, माणूस निजेल एवढा. तिथे एक ताट, एक तांब्या. मागच्या खिडकीला आतून नव्या फळ्या ठोकलेल्या. खिळे चकचकीत.

मोहिनी नाही.

जमादारानं मामाला फोन लावला. मामा म्हणाला, इथंच आहे, अंघोळीला गेलीय. “तिला फोन करायला सांगा.” सांगतो म्हणाला. फोन आला नाही. धुळ्याच्या पोलिसांना कळवतो, असं मला सांगितलं. भूमिकाला बाहेर आणलं. हात गळ्यात, ओठ फुटलेला. कसं लागलं? “पडली,” ती म्हणाली. तिच्या मागे आई, आजी, काकू, पियुष. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी त्या खळग्याकडे बघत राहिले. आणि खिळ्यांकडे. खिडकी बुजवायची घाई का झाली असेल?

१७ फेब्रुवारी, सोमवार

धुळ्याहून काही कळलं नाही.

हिशोब पुन्हा पुन्हा तिथेच येतो. गुरुवारी ती खोलीत होती. शनिवारी मी वही दाखवली. या शनिवारी खोली रिकामी. मधल्या दिवसांत काय झालं ते मला कुणी सांगायला नको. गावात विहिरी काय कमी आहेत?

बापाला वाटलं असेल, आता वर्गभर झालं, उद्या गावभर होईल. मिटवून टाका. मी मारलं तिला. आयुष्यात जिला पाहिलंही नाही, तिला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अध्यक्षांचं पत्र. शाळेची बदनामी का केली, सात दिवसांत खुलासा द्या. खुलासा लिहायला बसले. पहिल्याच वाक्यापाशी अडले. तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली!

जेवण जात नाही. हे असते तर म्हणाले असते, प्रमिला, तुला एवढंही कळलं नाही? दीपनगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या घरातला आवाज ऐकून रात्री दार ठोठावणारा माणूस. माझ्या कानात बोळे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भूमिका दाखला न्यायला आली. तिची शाळा बंद केली. आई आत क्लार्कसमोर सही करत होती, आबा फाटकाबाहेर गाडीवर. व्हरांड्यात आम्ही दोघीच. माझ्या तोंडून एवढंच निघालं — मोहिनी?

“ती गेली मॅडम. शुक्रवारीच. सारे हळदीले गेलते तवा. आजी दारात होती, ती मागच्या खिडकीतून. समाधान आलता सुरतहून, चंदननं सांगतलं त्याले.” मग म्हणाली, “त्याच्यासंगंच आहे. बरी आहे.”

म्हणजे ते मला नव्हतंच लिहिलेलं! चंदनला लिहिलं होतं. पियुष मान वर करू देत नव्हता, पोराशी बोलायची सोय नव्हती, म्हणून फळ्यावरून. “पाची बरोबर आल्याबिगर तुम्ही लिहीत नही ना,” ती म्हणाली. “चार दिवस घोकलं.” मोहिनी जिवंत आहे! मी रडायलाच लागले. तिचा चांगला हात धरला, म्हटलं, अगं, किती हुशार गं तू!

तिनं हात सोडवून घेतला. रागावली नव्हती. खरंच समजत नव्हतं म्हणून विचारावं तसं विचारलं.

“फळ्यावर लिहिलं ते बरंच केलं मॅडम. पन आबाले वही काबर दाखवली?”