बहात्तर आणि एक्केचाळीस

३ ऑक्टोबर, गुरुवार

"दादा नाहीत का?" — आज चार जणांनी विचारलं. मी काउंटरच्या आत उभी, दुकानाचा टी-शर्ट घातलेली, समोर गेमिंगचे सगळे लॅपटॉप उघडे. आणि म्हणे, दादा कुठे! दादा म्हणजे नावेदभाई, दुकानातले जुने विक्रेते. ते आले की गिऱ्हाईकाचा चेहरा खुलतो. मी बी.एस्सी. आयटी. ते बारावी नापास. हे मी तोंडाने कधी बोलणार नाही. म्हणून इथे लिहिते.

ते मला ग्रॅज्युएटबाई म्हणतात. "ग्रॅज्युएटबाई, जरा काच पुसून घ्या ना." पुसली. इतकी घासली की ते म्हणाले, "बास, आरपार जाईल हात."

५ ऑक्टोबर, शनिवार

धनेशशेठनी आज काम दिलं. खरं काम!

दिवाळीत गेमिंगचं एकच मॉडेल पुढे करायचं आहे. दोन समोर आहेत. एक ४०५० ग्राफिक्स कार्डाचा — काळा, जड. दुकानात त्याला सगळे जाडा म्हणतात. दुसरा ४०६० चा, चंदेरी, वहीएवढा. तो बारीक. बारीक अकरा हजारांनी महाग. शेठ म्हणाले, "मनिषा, तू शिकलेली आहेस. दोन्ही नीट चालवून बघ. गेम कशावर चांगला चालतो, पैसे कशात वसूल होतात. तू सांगशील तो पुढे." नावेदभाईंच्या समोर म्हणाले!

नावेदभाई हसले. "शेठ, यात बघायचं काय? साठ हा पन्नासपेक्षा मोठा. शिवाय मेमरी आठ जीबी, त्याची सहाच. दोन वर्षांनी नवे गेम येतील तेव्हा सहावाला रडेल."

याच बोलण्याची चीड येते. नंबर मोठा म्हणजे माल चांगला! कार्डाला वीज किती मिळते ते डब्यावर कुणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही. तेच कार्ड जाड अंगाच्या मशीनमध्ये मोकळं पळतं. बारीक मशीनमध्ये तापेल म्हणून त्याला अर्धपोटी ठेवतात. नाव तेच, काम कमी. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा खाताखाता वाचलं.

आणि बारीक विकला की विकणाऱ्याला कंपनीकडून बक्षीस मिळतं, हेही इथेच कळलं. नावेदभाईंना दर महिन्याला मिळतं.

६ ऑक्टोबर, रविवार

दुकान उघडायच्या आधी दोन तास आले. गाड्यांच्या शर्यतीचा एकच गेम, तोच रस्ता, तीच सेटिंग. दोन्हींवर अपडेट बंद, नोटिफिकेशन बंद — मध्ये काही लुडबुडायला नको. प्रत्येकी पाच वेळा.

जाडा — बहात्तर फ्रेम. म्हणजे सेकंदाला बहात्तर चित्रं. गाडी लोण्यातून जावी तशी.

बारीक — एक्केचाळीस.

आधी वाटलं माझंच चुकलं. परत चालवला. एक्केचाळीस! कोपऱ्यात विजेचा आकडा दिसत होता: कार्डाला जेमतेम पस्तीस वॉट. झालं! मी वाचलेला शब्दन् शब्द समोर दिसत होता. अकरा हजार जास्त द्यायचे आणि हातात निम्मं घ्यायचं. आणि हा माणूस वर्षभर लोकांना तेच विकतो आहे. हसत हसत!

७ ऑक्टोबर, सोमवार

शेठनी आकडे दारातल्या फळ्यावर लिहायला लावले. "मोठ्या अक्षरात लिही. खाली नाव टाक तुझं."

नावेदभाईंनी फळा दोनदा वाचला. मग म्हणाले, "मी तीस तरी बारीक विकले असतील. एकाची तक्रार नाही. काहीतरी गडबड आहे, मनिषा."

मी म्हटलं, "गडबड आकड्यात नसते नावेदभाई. बोलण्यात असते."

शेठ खो खो हसले. मला माझं वाक्य फार आवडलं. अजून आवडतंय.

९ ऑक्टोबर, बुधवार

घरी सांगितलं. आई भातकापणीवरून आलेली, पाय धूत होती. "म्हंजे काय लिवलंय फळ्यावर?" मी समजावलं: सेकंदाला चित्रं. आई म्हणाली, "येवढी बगायची कशाला?"

सुदाम तळोज्याच्या कारखान्यातून दुसरी पाळी बदलून लवकर आला होता. तो माझा मोठा भाऊ, मला चिडवायची संधी कधी सोडत नाही. "आमची मनी गाड्या पळवायचा पगार घेते. आन् मी डरम ढकलायचा." सगळे हसले. मीही.

पण वाडीतल्या कुणाचं म्हणणं कधी दारात लिहून लागलं होतं? कुणी विचारलं होतं का, की तू सांगशील तो पुढे? मी जे लिहिलंय ते खरं आहे. मोजलेलं आहे. कुणाचा बाप खोडू शकत नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

लिहायला बसले आहे. रागाने.

दुकान भरलेलं. फारूककाका आले — नावेदभाईंच्या मोहल्ल्यातले, कतारला क्रेन चालवतात. पंचावन्न वय, दाढीला मेंदी. मला वाटलं मुलासाठी घेत असतील. नाही! स्वतः खेळतात! "कॅम्पात आम्ही आठ जण आहोत बेटा. जुम्म्याला फुटबॉलची मॅच लावतो. जुना लॅपटॉप बंद पडला, तेव्हापासून सगळे माझ्या नावाने खडे फोडतात." दोन वर्षं पैसे बाजूला काढले त्यांनी यासाठी. सुट्टी संपवून अठ्ठावीसला परत जाणार. नावेदभाईंनी त्यांच्यासाठी बारीक आधीच काढून ठेवला होता, पिशवीत घालून.

मला राहवलं नाही. "काका, हा घेऊ नका. तो फळा वाचा."

काका वाचायला लागले. नावेदभाई हळूच म्हणाले, "काका, विमानात किलो मोजतात. जाड्याचं ते वजन... माझ्यावर भरोसा ठेवा."

"भरोसा कशाला? आकडे आहेत!"

"मनिषा, बास."

"का बास? तुम्हाला यावर बक्षीस मिळतं म्हणून?"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. एक बाई तर मोबाईल कानाला तसाच धरून बघत राहिली.

काकांनी मान वळवली. "क्या रे नावेद? खरं आहे?"

"मिळतं," ते म्हणाले. "पण तुमच्या वेळी ते माझ्या डोक्यात पण —"

पुढचं कुणी ऐकलंच नाही. शेठ मध्ये आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरगी शिकलेली आहे. तिचं ऐका." काकांनी जाडा घेतला. जाताना मला म्हणाले, "जीती रहो." नावेदभाईंकडे बघितलं नाही.

मी बरोबर केलं. मला माहीत आहे मी बरोबर केलं. मग एवढा राग का येतोय अजून? कारण ते एकदाही ओरडले नाहीत! ओरडायला हवं होतं. चोर पकडला गेला की ओरडतो ना?

१४ ऑक्टोबर, सोमवार

नावेदभाईंना शेठनी कळंबोलीच्या गोदामावर पाठवलं. "काउंटरवर दोन तोंडं नकोत," म्हणाले. आता काउंटर माझं.

आईला सांगितलं. वाटलं, खूश होईल. तिने विचारलं, "त्याच्या घरी कोन कोन हाय?"

हा काय प्रश्न झाला! मी म्हटलं, तो लोकांना फसवत होता. आई म्हणाली, "आसंल. पन कोन हाय?"

बायको आहे, जिक्राभाभी. एक लहान मुलगी आहे. भाभी कधीतरी सगळ्यांना पुरेल एवढी बिर्याणी पाठवायच्या. मीही खाल्ली आहे. तेवढ्याने खोटं खरं होत नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

"दादा नाहीत का?" — आज एकानेही विचारलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

जाडा नुसता पळतोय. मी फळ्यापाशी उभी राहते, वीज, पंखे, फ्रेम सगळं सांगते. नवी पोरं ऐकतात. त्यांचे वडील तर जास्तच ऐकतात. एक जण म्हणाले, "मॅडम, तुम्ही चिडून बोलता ना, म्हणून पटतं." मी चिडून बोलते? बोलतेच! फसवणुकीवर गोड आवाजात कसं बोलायचं?

कळंबोलीहून रोज टेम्पो येतो, जाड्यांची खोकी घेऊन. मालाच्या चलनावर नावेदभाईंची सही. सरळ, स्वच्छ सही. मला बघवत नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज काय झालं ते नीट, क्रमाने लिहायचं. काही गाळायचं नाही.

दुपारी आशालताताई आल्या, खारघरला अॅनिमेशनच्या क्लासला शिकवतात. त्यांना बारीकच हवा. मी फळा दाखवला. म्हणाल्या, "ते ठीक आहे गं, पण खांद्यावर मला घ्यायचाय." गोदामातले बारीक संपलेले, म्हणून काउंटरवर मांडलेलाच द्यायचं ठरलं. त्याचं खोकं माळ्यावरून काढलं. आत त्याचा चार्जर. सील न फोडलेला. मांडलेला पीस पुढे विकायचा असतो, म्हणून चार्जर कधी बाहेर काढतच नाहीत. बारीक काउंटरवरच्या टाईप-सी चार्जरवर चालतो — ज्यावर आम्ही फोनही लावतो.

त्याचा स्वतःचा चार्जर हातात घेतला. जड. त्यावर लिहिलेलं: २३० वॉट.

काउंटरवरच्यावर: ६५.

मी ताईंना म्हटलं, दहा मिनिटं बसता का? तोच गेम लावला. तोच रस्ता.

एक्याण्णव.

परत. नव्वद. परत. एक्याण्णव.

मग मी नोटिफिकेशन चालू करून परत काउंटरवरचा चार्जर लावला. लगेच खाली पट्टी आली: हा चार्जर कमी ताकदीचा आहे, मशीन हळू चालेल. मशीन मला पहिल्या दिवशीच सांगत होतं. मीच त्याचं तोंड बंद केलं होतं. चाचणी स्वच्छ हवी म्हणून!

जाड्याला टाईप-सी चालतच नाही, म्हणून त्याला त्याचा पूर्ण चार्जर मिळाला. एकाला पोटभर, एकाला उपाशी, आणि मी दोघांची शर्यत लावली. वर ज्याचा माल हरला त्याला भर दुकानात चोर ठरवलं.

ताईंनी विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, नाही, मशीन फार चांगलं आहे.

जाडा वाईट नाही. अकरा हजार वाचतात, बहात्तर फ्रेम पुष्कळ झाल्या. हे मी किती वेळा घोकलं आज! पण मी तसं कुठे सांगितलं होतं? मी सांगितलं, बारीक म्हणजे निम्मं. मी सांगितलं, ही फसवणूक आहे. फारूककाकांना हलका हवा होता. सामानात किलो मोजतात. नावेदभाई तेच सांगत होते, आणि मला त्यात फक्त बक्षीस ऐकू आलं. त्यांचं कार्ड नाही, त्यांचं शिक्षण मोजलं मी. बारावी नापास. झालं, खोटारडा!

मूर्ख. मूर्ख. मूर्ख. डिग्रीची फ्रेम करून भिंतीवर लावली आहे आईने. आज त्या फ्रेमकडे पाठ करून बसले आहे.

उद्या सकाळी पहिलं काम: शेठना सगळं सांगायचं. नावेदभाईंना परत बोलवा म्हणायचं. काढलं तर काढू देत.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शेठना सांगितलं. दोन्ही चार्जर समोर ठेवले.

ते चहा पीत होते. म्हणाले, "अगं, कळलं होतं मला. पहिल्याच दिवशी. वीस वर्षं धंद्यात आहे, एक्केचाळीस कशाने येतात हे कळणार नाही?"

मी विचारलं, "मग फळ्यावर लिहायला का लावलंत?"

"गेल्या वर्षीचे चाळीस जाडे अडकले होते गोदामात. नावेदला म्हटलं ढकल, तर म्हणे गिऱ्हाईकाला काय गरज ते बघून देईन. तू आलीस, सगळे सुटले. इतकं मनापासून त्याला जन्मात जमलं नसतं. चल, काउंटरला जा, दिवाळीची गर्दी आहे."

मी काउंटरला गेले नाही. कळंबोलीची रिक्षा पकडली. काकांचं विमान सोमवारी आहे, त्याआधी त्यांना खरं सांगायचंय, आणि त्यांचा नंबर नावेदभाईंकडे.