पोथीवरचं गोमूत्र

उंद्री, १४ मे २०२५

अहो,

हे पत्र टपालात टाकायची हिंमत माझ्यात नाही, तरी लिहिते.

लढाई सुरू झाली, तुमचा फोन बंद झाला आणि नेमकी त्याच दिवशी मी बाजूला बसले. तुमच्यासाठी रोज वाचते ती पोथी शिवता येईना. आईंना तर वाचताच येत नाही. तुमच्याच पलटणीतल्या नागसेनच्या घरचं पाणी आई जन्मभर प्यायल्या नाहीत. पण त्याच्याच दीपमालाला त्यांनी आपण होऊन देवघरात बोलावलं. तिच्या बापाचाही फोन लागत नव्हता. नऊ वर्षांची पोर रोज वाचायची आणि आई तिला मांडीशी घेऊन ऐकायच्या.

चौथ्या दिवशी तुम्हा दोघांचाही फोन आला. पाचव्या दिवशी न्हाऊन मी आधी काय केलं? पोथीवर गोमूत्र शिंपडलं. पोर दारातच उभी होती.

"काकू, मी तं हात धुऊनच वाचत होती," ती म्हणाली.

आई माझ्यावर कडाडल्या, "तू बी चार दिवस बाजूलेच होती नं वं! मंग तुह्यावर काय शिंपडू?"

तेव्हापासून दीपमाला येत नाही. आईच रोज तिच्या ओट्यावर जाऊन बसतात. मी देवापुढे हात जोडते आणि मला त्या हातांची किळस येते.

तुमची,
संजीवनी