काचेची खोली, सत्काराची शाल आणि मागचं दार

मी, शालन भिकाजी ओव्हाळ, वय बावन्न, अविवाहित, राहणार कुसगाव, तालुका मावळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. टेकडीवरच्या विद्यापीठात मी समुपदेशक आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी मला दुसऱ्यांदा तपासले. पुढच्या महिन्यात पित्ताशयाचे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई. विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. फुकट जाहिरात नको.

१. कुसगावचे घर माझ्या वडिलांनी बांधले व ते माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. पुढचा भाग भाचा धम्मदीप याला द्यावा. मागची खोली, जिचे दार बोळात उघडते, तीही त्याच्याच नावे व्हावी. पण ती मुलांना बोलायला यायला कायम मोकळी राहील, या अटीवर. तेथे पाटी, फीत, उद्घाटन व समई यांस मनाई आहे. विद्यापीठाला ही खोली ‘विस्तार केंद्र’ म्हणून हवी आहे. त्यांची दोन पत्रे आली. दुसऱ्यात भिंत पाडून काच बसवण्याचा खर्च ते करतील असे औदार्य आहे.

काचेचे प्रकरण समजावून सांगणे भाग आहे. विद्यापीठातला माझा समुपदेशन कक्ष फी भरण्याच्या खिडकीला लागून. समोर शिस्तपालन समिती. कक्षाची भिंत काचेची, कारण कुलगुरूंना पारदर्शकता आवडते. आत कोण रडते आहे हे फीच्या रांगेला नीट दिसे. तरी मुले येत. ज्यांना बुडायची भीती असते, ती काठावर कोण उभे आहे ते बघत नाहीत.

२. हसऱ्या तोंडाचे पिवळे रबरी चेंडू, जे ‘तणावमुक्ती सप्ताहा’त वाटून उरले, ते परीक्षा विभागास द्यावेत. त्या सप्ताहातल्या व्याख्यानाला गैरहजर राहणाऱ्याचे अंतर्गत गुण कापले होते. मुले तणावाखाली वेळेवर हजर राहिली.

३. कपाटातली केशरी शाल विद्यार्थी कल्याण अधिष्ठाता डॉ. राजेंद्र यांस द्यावी. ती त्यांचीच आहे. गेल्या ऑक्टोबरात, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, त्यांना कल्पना सुचली.

“ओव्हाळ मॅडम, मुलांना समुपदेशनाची लाज वाटते ना? मग आपण सन्मान करू. शाल, श्रीफळ, पालकांसमोर!”

मी म्हटले, “सर, नावे गुप्त असतात.”

“अहो, काचेतून सगळ्यांनाच दिसतात.”

नावे त्यांनी शिपायाकडून घेतली. तिकोणा पेठेची तेजल, दुसऱ्या वर्षाची, माइकवरून पुकारली गेली: ‘नियमित समुपदेशन घेणारी धाडसी विद्यार्थिनी’. तिचे वडील हौशीराम नवी टोपी घालून आले होते. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांच्याच. गेटपाशी त्यांनी लेकीला विचारले,

“आगं, पन नक्की कशात पैली आलीस तू?”

“रडन्यात, आबा.”

“व्हय? आन त्याला शाल देत्यात?”

दुसऱ्या दिवसापासून तेजल कॉलेजात दिसली नाही. काचेची खोली ओस पडली. वार्षिक अहवालात छापले, ‘समुपदेशनाची गरज शून्यावर, मानसिक आरोग्यात लक्षणीय सुधारणा’. स्मशानाबद्दलही हेच म्हणता येईल.

दिवाळीनंतर हौशीराम लेकीला घेऊन माझ्या दारात आले. हातात ती शाल.

“बाई, ही तुमीच ठेवा. पोरगी घरात ठिवू देत न्हाई. आन एक इचारू? जितं कोनी टाळ्या वाजवत न्हाई, आशी जागा हाये का तुमच्याकडं?”

मी मागचे दार उघडले. पहिल्या दिवशी तेजलने माझ्या शेंगा सोलल्या. हळूहळू बाकीची मुलेही बोळातून येऊ लागली. तेजल या जूनपासून पुन्हा कॉलेजात जाते.

तर डॉ. राजेंद्र यांनी ती शाल पांघरून, फी भरायच्या दिवशी, काचेच्या खोलीत थोडा वेळ बसावे. बाहेरून मुले टाळ्या वाजवणार नाहीत. तेवढे मी त्यांना शिकवले आहे.

४. बँकेतली ठेव मागच्या खोलीच्या चहा-साखरेसाठी व तळेगावच्या सविताताईंच्या मानधनासाठी वापरावी. त्या शिकलेल्या समुपदेशक आहेत आणि भाषण करीत नाहीत.

५. माझ्या अंत्यविधीला धम्मदीपने बुद्धवंदना म्हणावी. कुलगुरू आल्यास त्यांना बसायला द्यावे, माइक देऊ नये.

६. वेताची खुर्ची मी तेजलच्या नावे लिहिली होती. ती वडिलांसोबत साक्षीदार म्हणून सही करायला बसली, तेव्हा धम्मदीपने कायदा काढला.

“आत्या, साक्षीदारालाच मृत्युपत्रातून काही मिळालं, तर उद्या कोर्टात त्या सहीवर शंका घेतील. एक तर खुर्ची, नाही तर सही.”

तेजलने पेन उचलले. “खुर्ची हितंच राहू दे मॅडम. बसायला येईनच की मी.”

म्हणून खुर्ची मागच्या खोलीतच राहील. ती कोणी हलवू नये.

हौशीराम अजून पेन हातात धरून आहेत. “बाई, सही करतो. पन नाव माइकवरनं घेनार न्हाईत ना?”

नाही, असे मी या कलमान्वये लिहून देत आहे.

लिहून देणार: शालन भिकाजी ओव्हाळ (सही)

आम्हां दोघांदेखत त्यांनी सही केली, त्यांच्यादेखत आम्ही:
हौशीराम निवृत्ती वरघडे, तिकोणा पेठ (सही)
तेजल हौशीराम वरघडे, तिकोणा पेठ (सही, स्वतःहून)

कुसगाव, मागची खोली
२८ जून २०२५